मांजराला कुत्र्याचं औषध लावू नका

पाऊस सुरू होतो, हवा दमट होते, पिसवा वाढतात. घरोघरची मांजरं खाजवू लागतात, आणि थोड्याच दिवसांत प्राण्यांच्या दवाखान्यांत वेगळीच मांजरं येऊ लागतात. अंग थरथरतंय, तोंडातून लाळ गळतेय, पाय लटपटताहेत, ताप चढलाय, मध्येच झटके येताहेत. ही दशा पिसवांनी केलेली नसते. पिसवा घालवायच्या म्हणून घरच्याच माणसाने मायेपोटी जे औषध लावलं, त्याने ती झालेली असते. ती माणसं टेबलाशी उभी राहून रडत असतात. मी डॉक्टर नाही, पण घरची आणि रस्त्यावरची मांजरं घेऊन दवाखान्यात सतत जाणं-येणं असतं, आणि हे दृश्य मी पुन्हा पुन्हा पाहते आहे. ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे, म्हणून हे आवाहन.

विनंती अशी आहे: पशुवैद्यांनी मांजरासाठी म्हणून दिलेलं औषध सोडून दुसरं काहीही मांजराच्या अंगावर घालू नका. कुत्र्याचं नाही, गुरांचं नाही, माणसाचं नाही, आणि फरशी पुसायचं तर नाहीच नाही.

पेट शॉपमध्ये कुत्र्यांची आणि मांजरांची औषधं एकाच फळीवर शेजारीशेजारी ठेवलेली असतात. खोकी सारखी दिसतात, आतली प्लास्टिकची छोटी नळीही सारखीच, आणि ‘फक्त कुत्र्यांसाठी’ ही सूचना मुंगीच्या पावलांएवढ्या इंग्रजी अक्षरांत छापलेली. कुत्र्यांच्या पिसवा-गोचिडांवरच्या अनेक औषधांत पर्मेथ्रिन नावाचं रसायन असतं. मानेवर टाकायच्या थेंबांत त्याचं प्रमाण ४५ टक्के किंवा त्याहूनही जास्त असू शकतं. कुत्र्याला ते सोसतं. मांजराला नाही. यकृतात शिरलेल्या परक्या रसायनाला ग्लुकुरोनिक आम्ल जोडून ते शरीराबाहेर काढण्याची जी सोय माणसाच्या आणि कुत्र्याच्या शरीरात असते, ती मांजरात फार तोकडी आहे. मांजर मुळात मांसाहारी, त्यामुळे वनस्पतींमधली विषं पचवण्याची गरज त्याच्या पूर्वजांना पडली नाही, आणि या कामाचं एक जनुक मांजराच्या कुळात निकामी होऊन गेलं. म्हणून मांजराला छोटा कुत्रा समजून डोस अर्धा, पाव करून चालत नाही. लॅब्राडॉरसाठी आणलेली नळी घरातल्या तीन-चार मांजरांत थोडीथोडी वाटून टाकणारी माणसं मला भेटली आहेत. पैसे वाचवावेत हा त्यांचा हेतू समजण्यासारखा आहे. पण अशा नळीतले थोडे थेंबही मांजराच्या जिवावर बेतू शकतात.

पर्मेथ्रिन हे एकच नाव लक्षात ठेवून भागणार नाही, हेही सांगायला हवं. गुरांच्या गोचिडांसाठी गोठ्यात वापरलं जाणारं डेल्टामेथ्रिन आणि सायपरमेथ्रिन त्याच कुळातलं. गावाकडे ती बाटली घरात असतेच, आणि ‘म्हशीला चालतं तर मांजराला काय होतंय’ असं म्हणून बादलीभर पाण्यात दोन झाकणं टाकून मांजर त्यात बुडवलं जातं. झुरळांचा खडू, मुंग्यांची पावडर आणि कितीतरी स्प्रे याच जातीचे. कुत्र्यांच्या गोचिडांवरचं अमिट्राझ वेगळ्या कुळातलं, पण मांजराला तेही घातकच. नावाच्या शेवटी ‘थ्रिन’ दिसलं की हात मागे घ्या, आणि नाव वाचताच येत नसेल तर बाटली उघडूच नका.

चुकून लावलंच गेलं असेल तर काय करायचं, ते इथेच सांगते, कारण त्या वेळी शोधत बसायला सवड नसते. लक्षणं काही तासांत दिसू शकतात, कधी एक-दोन दिवसांनीही. आधी कान आणि चेहऱ्याची कातडी फडफडते, मांजर पंजे झटकतं, मग अंगभर थरथर सुरू होते. लक्षणं दिसायची वाट पाहू नका. मांजर शुद्धीत असेल आणि झटके येत नसतील तर भांडी घासायचा पातळ साबण आणि कोमट पाणी घेऊन अंग धुवा, म्हणजे तेलकट औषध निघेल. पाणी कढत नको, गारही नको. टॉवेलने पुसून, गुंडाळून लगेच दवाखाना गाठा. धुण्यात अर्धा तास घालवू नका. झटके येत असतील तर धुवायच्या भानगडीत न पडता तसंच उचला. औषधाचं खोकं सोबत न्या, त्याचा फोटो काढून डॉक्टरांना आधीच पाठवा. दूध पाजू नका, ओकारी काढायला मीठपाणी देऊ नका. थरथरणाऱ्या मांजराच्या तोंडात काही घातलं तर ते श्वासनलिकेत जातं. या विषावर थेट उतारा नाही, पण झटके थांबवणारी औषधं, सलाईन आणि दोन-तीन दिवसांची देखरेख वेळेवर मिळाली तर बहुतेक मांजरं वाचतात. ‘सकाळपर्यंत बघू’ म्हणून ज्यांना घरी ठेवलं जातं त्यांची आशा कमी होत जाते.

आता घरगुती उपायांकडे वळते. इथे माझं म्हणणं कडक आहे, आणि त्याने काही वडीलधारी मंडळी नाराज होतील हे मला ठाऊक आहे. फिनेल, डेटॉल, रॉकेल, डांबराच्या गोळ्या, कापूर, तंबाखूचं पाणी, निलगिरीचं आणि टी ट्रीचं तेल यातली एकही वस्तू मांजराच्या जवळ नेऊ नका. फिनेल आणि डेटॉलसारख्या द्रवांत फिनॉलच्या कुळातली रसायनं असतात, आणि मांजराच्या यकृताची जी सोय तोकडी आहे तिच्यावरच त्यांचा सगळा भार पडतो. शिवाय मांजर दिवसातला बराच वेळ अंग चाटण्यात घालवतं. तुम्ही पाठीवर लावलेलं बरंचसं त्याच्या पोटात जातं. लसूण पिसवा पळवतो म्हणून जेवणात घालणारे आहेत. लसूण आणि कांदा मांजराच्या तांबड्या पेशी फोडतात, त्याने पंडुरोग होतो. ‘आयुर्वेदिक आहे, नैसर्गिक आहे’ या शब्दांवर विसंबू नका. पर्मेथ्रिनसुद्धा शेवंतीच्या जातीच्या एका फुलात सापडणाऱ्या कीटकनाशकाच्या धर्तीवरच बनवलेलं आहे.

माणसांची औषधंही तितकीच वाईट. खरजेवर मेडिकलमध्ये मिळणारं पर्मेथ्रिनचं मलम आणि बेंझिल बेंझोएटचं लोशन मांजराला विषारी आहे. कॅलामाइनमध्ये जस्त असतं, चाटून पोटात गेलं तर अपाय करतं. खाजेवर मिळणारी, तीन औषधं एकत्र घातलेली स्टेरॉइडची मलमं गजकर्ण झालेल्या मांजराला लावली तर खाज तात्पुरती दबते आणि बुरशी आतून फोफावते. आणि अंग तापलंय म्हणून पॅरासिटामॉल देऊ नका. एका गोळीने मांजर मरू शकतं. हे सांगताना अतिशयोक्ती करत नाही.

‘पण आमचं मांजर घराबाहेर पाऊलच टाकत नाही, त्याला पिसवा कुठून होणार?’ हा प्रश्न फ्लॅटमध्ये राहणारी बहुतेक माणसं विचारतात. पिसू येते ती आपल्या चपलेवरून, पँटच्या दुमडीतून, जिन्यात झोपणाऱ्या भटक्या मांजराच्या जागेवरून, जुन्या बाजारातून आणलेल्या सोफ्यातून, सुट्टीत मांजर ठेवलं होतं त्या बोर्डिंगमधून. एक मादी पुरेशी असते. मांजराच्या अंगावर चढून रक्त प्यायली की एक-दोन दिवसांत ती अंडी घालायला लागते, आणि मग दिवसाला चाळीसच्या आसपास घालत राहते. ही अंडी चिकट नसतात. मांजर चालेल, उडी मारेल, झोपेल तिथे ती रव्यासारखी सांडत जातात. अंड्यांतून अळ्या निघतात, त्या उजेड टाळून गादीच्या शिवणीत, सोफ्याच्या खाचेत, चटईखाली, दिवाणाच्या फटीत शिरतात आणि मोठ्या पिसवांच्या वाळलेल्या विष्ठेवर, म्हणजे मांजराच्याच पचलेल्या रक्तावर जगतात. पुढे त्या कोश विणतात. कोशातली पिसू महिनोन्‌महिने थांबू शकते, आणि कोशावर फवारणीचा फारसा परिणाम होत नाही. पावलांचा हादरा, अंगाची ऊब, श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की ती बाहेर येते. मे महिन्यात गावाला गेलेलं कुटुंब परत येऊन कुलूप उघडतं आणि पहिल्याच संध्याकाळी सगळ्यांचे घोटे चावून निघतात, ते यामुळे.

एखाद्या घरातल्या पिसवांची सगळी पिढी मोजली तर मांजराच्या अंगावर दिसणाऱ्या मोठ्या पिसवा त्यात जेमतेम पाच टक्के असतात. बाकीच्या घरात पसरलेल्या असतात. मांजराला एकदा औषध लावलं, चार दिवस बरं वाटलं आणि पुन्हा पिसवा दिसल्या की माणसं चिडतात, औषध खोटं म्हणतात आणि आणखी जहाल काहीतरी शोधायला निघतात. विषबाधेची सुरुवात बहुतेक वेळा इथूनच होते. म्हणून ही पाच टक्क्यांची गोष्ट मनात पक्की बसवा. औषध काम करत असतं. कोशांतून नव्या पिसवा निघत राहतात, आणि त्या संपायला तीन महिने लागू शकतात.

पिसवा आहेत की नाही ते आधी बघा. मांजर इतकं निगुतीने अंग साफ करतं की पिसू नजरेला पडतेच असं नाही. बारीक दातांचा कंगवा शेपटीच्या मुळाशी, पाठीवर आणि मानेवर फिरवा. काळी रवाळ घाण निघाली तर ती ओल्या पांढऱ्या कापसावर ठेवा. कापूस तांबडा झाला तर ती पिसवांची विष्ठाच. शेपटीच्या मुळाजवळचे केस विरळ होणं, पाठीवर हात फिरवताना बाजरीच्या दाण्यांसारख्या खपल्या लागणं, पोट आणि मांड्या चाटून गुळगुळीत होणं, ही पिसवांच्या लाळेच्या अ‍ॅलर्जीची लक्षणं. अशा मांजराला मोजक्या पिसवाही बेजार करतात. मलद्वाराशी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसले तर ते पट्टकृमीचे. चाटताना गिळलेल्या पिसवांतून तो जंत पोटात जातो, आणि लहान मुलांच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यांनाही होऊ शकतो. जंताचं औषध दिलं आणि पिसवा तशाच ठेवल्या तर तो परत येणारच.

उपचार सोपा आहे. सेलामेक्टिन, इमिडाक्लोप्रिड, फ्ल्युरालानर, फिप्रोनिल अशी औषधं मांजरासाठी वेगळी, वजनाप्रमाणे मिळतात. वजन करा, डॉक्टरांना विचारा, मांजराचंच खोकं आणा. कवटी आणि मान जिथे मिळते तिथे, जीभ पोचणार नाही अशा जागी, केस बाजूला करून थेंब कातडीवर टाका. केसांवर टाकून उपयोग नाही. घरातल्या सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यालाही एकाच दिवशी औषध द्या. कुत्र्याला पर्मेथ्रिनचं लावू नका. आधीच लावलं असेल तर मांजराला त्याच्यापासून निदान तीन दिवस पूर्ण वेगळं ठेवा, कारण ती दोघं एकमेकांना बिलगून झोपतात, चाटतात. आणि घरात ससा असेल तर फिप्रोनिल त्याच्या आसपासही नको, सशाला ते मारक आहे.

घरासाठी विषाची गरज सहसा पडत नाही. मांजराची अंथरुणं, गोधड्या, उशांचे अभ्रे आठवड्याला गरम पाण्यात धुवा. सोफ्याच्या खाचा, पलंगाखालचे कोपरे, पायपुसणी यांवर रोज व्हॅक्यूम फिरवा आणि त्यातला कचरा पिशवीत बांधून लगेच घराबाहेर टाका. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोशातल्या पिसवा बाहेर येतात, आणि तेच आपल्याला हवं असतं. व्हॅक्यूम नसेल तर केरसुणी आणि ओलं फडकं, पण रोज. अळ्यांना दमटपणा लागतो, हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की त्या तगत नाहीत. म्हणून पावसाने उघडीप दिली की गाद्या कडक उन्हात टाकण्याची आपली जुनी रीत इथे खरोखर कामाला येते. पेस्ट कंट्रोल करावंच लागलं तर घरात मांजर आहे हे त्या माणसाला आधी सांगा, आणि फवारा पूर्ण वाळून खिडक्या उघडून हवा खेळेपर्यंत मांजराला घरात आणू नका. सोसायटीच्या पदाधिकाऱ्यांनाही कळकळीने सांगते: जिन्यात आणि आवारात पावडर टाकण्याआधी सगळ्या घरांना कळवा.

प्रत्येक खाज पिसवांची नसते. कान सतत खाजवतंय, डोकं झटकतंय, कानात कॉफीच्या चुऱ्यासारखा काळा मळ साचतोय, तर ते कानातले माइट. कानात तेल ओतू नका, काडी घालू नका, कानाचा पडदा फाटलेला असू शकतो. कानाच्या कडांपासून सुरू होऊन कपाळ, पापण्या, मानेपर्यंत जाड राखाडी खपल्या चढत असतील तर ती मांजरांची खरूज. ‘नोटोएड्रेस’ नावाचे डोळ्यांना न दिसणारे किडे कातडीत बोगदे करतात. फार हाल होतात त्यात. मांजर खाणं सोडतं, डोळे मिटलेलेच राहतात, आणि पाहणारे लोक त्याला हाकलतात. सांभाळणाऱ्याच्या हातावरही काही दिवस पुरळ येतं, पण मांजर बरं झालं की ते जातं. गोल गोल केस गळून कोंडा दिसत असेल, विशेषतः पर्शियन मांजरांत आणि पिल्लांत, तर गजकर्ण असू शकतं. हा किडा नसून बुरशी आहे, ती माणसांना लागते आणि घरात महिनोन्‌महिने टिकते. यातलं काय झालंय ते डॉक्टरांनी तपासल्याशिवाय सांगता येत नाही. फोटो पाठवून औषध विचारू नका, आणि फोटो पाहून कुणी सांगितलं तर ते लावू नका.

लहान पिल्लांबद्दल वेगळं सांगते. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांना बरीचशी औषधं चालत नाहीत, आणि पिसवांनी रक्त पिऊन पिल्लू मरू शकतं. ओठ वर करून हिरड्या पाहा. गुलाबीऐवजी पांढुरक्या असतील तर त्याच दिवशी दवाखाना. तोवर बारीक कंगव्याने पिसवा काढा, साबणाच्या पाण्याच्या वाटीत बुडवा, आणि पिल्लाला उबेत ठेवा.

खरूज झालेलं, केस गेलेलं मांजर पोत्यात घालून मंडईत किंवा दुसऱ्या गल्लीत सोडून येतात. हे करू नका. त्या अवस्थेत ते अन्न शोधू शकत नाही. जनावराचे भुकेने-तहानेने हाल होतील अशा स्थितीत त्याला टाकून देणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे. आणि मुख्य म्हणजे ही खरूज बरी होते. योग्य औषधाने काही दिवसांतच खपल्या गळू लागतात, आणि काही आठवड्यांत नवे केस येतात. ज्या मांजराला कुणी हात लावत नव्हतं ते पुन्हा मऊ झालेलं मी पाहिलं आहे. खासगी डॉक्टर परवडत नसेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात जा. मुंबई, नागपूर, परभणी, शिरवळ, उदगीर इथल्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांतही रुग्ण प्राणी तपासले जातात. परळला बाई साकरबाई दिनशॉ पेटिट यांच्या नावाचं प्राण्यांचं रुग्णालय एकोणिसाव्या शतकापासून उभं आहे.

पेट शॉप आणि मेडिकल चालवणाऱ्या दादा-ताईंना हात जोडून सांगते: पिसवांचं औषध मागायला कुणी आलं की ‘कुत्रा की मांजर, आणि वजन किती?’ एवढं विचारा. मांजर असेल तर कुत्र्याचं खोकं देऊ नका, गिऱ्हाईक रागावलं तरी देऊ नका. दोन्ही औषधं वेगवेगळ्या फळ्यांवर ठेवा आणि कुत्र्यांच्या फळीवर मोठ्या मराठी अक्षरांत लिहा: मांजराला वापरू नये.

ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांनी आजच दोन कामं करा. घरातलं मांजराच्या नावाने आणलेलं प्रत्येक औषध काढून त्यावरची नावं वाचा, आणि पर्मेथ्रिन, डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन, अमिट्राझ यातलं काही असेल तर ते मांजरासाठी कायमचं बाद करा. आणि आपल्या भागात रात्री उघडा असणारा प्राण्यांचा दवाखाना कोणता ते शोधून, स्वतः फोन करून खात्री करून, त्याचा नंबर घरातल्या सगळ्यांच्या फोनमध्ये टाका, आजी-आजोबांच्याही. शेजारी मांजर असेल तर त्यांनाही तो द्या.